हिरव्या दिव्याची बॅच

पहिल्याच तासाला शिवकन्या बिराजदारचा खोटेपणा उघडा पडला, आणि तो दुसऱ्या कुणी नव्हे, तिच्या स्वतःच्या कपाळाने पाडला.

वर्ग भरला होता जॉर्जिया देशात, कॉकेशस पर्वतातल्या एका खेड्यात. बाहेर सफरचंदाची बाग, बागेखालून धडधडत जाणारी नदी, आणि आत अकरा देशांतली चोवीस मुलं. सगळी सोळा-सतरा वर्षांची, तीन आठवड्यांच्या आंतरराष्ट्रीय उन्हाळी शाळेसाठी आलेली. प्रत्येकाच्या कपाळावर बोटभर रुंदीची काळी पट्टी होती आणि पट्टीच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. नीनो मॅडमनी फळ्यावर कप्पीचं एक गणित सोडवलं. बावीस दिवे हिरवे झाले. तेविसावा होता एइनो नावाच्या फिनलंडच्या एका लांबुडक्या मुलाचा. त्याने हात वर केला, "मला कळलं नाही" म्हणून सांगितलं, मॅडमनी पुन्हा समजावलं, आणि त्याचाही दिवा हिरवा झाला. उरली शिवकन्या.

"समजलं?" मॅडमनी विचारलं.

लातूरचं कुठलंही शहाणं मूल बालवाडीपासून जे करतं तेच तिने केलं. मान जोरात हलवली आणि म्हणाली, "येस मॅडम."

दिवा लालभडक.

वर्ग हसला. त्यात दुष्टावा नव्हता, पण शिवकन्येला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ही मुलगी काही अशीतशी नव्हती. दहावीला विभागात पहिली, या शाळेच्या निवड-परीक्षेत देशात चौथी. वडील, तिचे अप्पा, म्हणजे बिराजदार सर, 'बसवकृपा क्लासेस'चे संस्थापक-संचालक. त्यांच्या भौतिकशास्त्राच्या नोट्स नांदेडपासून सोलापूरपर्यंत झेरॉक्स होऊन फिरायच्या. लेकीची निवड झाली तेव्हा चौकात चौदा फुटी फ्लेक्स लागला होता, आणि त्यावर लेकीपेक्षा वडिलांचाच फोटो मोठा होता. अशा घरातल्या मुलीचा दिवा लाल राहतो म्हणजे काय! पट्टीच बिघडलेली असणार, असं तिने स्वतःला ठणकावून सांगितलं.

पट्टी बिघडलेली नव्हती. तिच्यामागचं शास्त्र तसं सरळ आहे. आपलं डोकं नव्या गोष्टीशी झगडत असतं तेव्हा कपाळामागचा मेंदू जास्त प्राणवायू खातो आणि तिथल्या रक्ताचा रंग किंचित बदलतो. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण कपाळातून आत सोडले की ते दीड-दोन सेंटीमीटर जाऊन परत येतात आणि तो रंग सांगतात. एवढं जुन्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक होतं. नवा शोध पुढचा होता. एखादी गोष्ट डोक्यात नीट बसली की हा झगडा हळूहळू ओसरत नाही, चार-पाच सेकंदांत एकदम संपतो, आणि संपताना एक ठरावीक लहर उमटते. शास्त्रज्ञांनी तिला निवण्याची लहर म्हटलं. ती पेरूच्या डोक्यात जशी उमटते तशीच जपानच्या आणि लातूरच्या डोक्यात. झगडा जोरात असेल तर दिवा लाल, थोडा उरला असेल तर पिवळा, लहर दिसली की हिरवा.

अशा शाळांना हे यंत्र म्हणजे वरदानच वाटलं. कुठल्या देशात शिक्षकाला प्रश्न विचारणं उद्धटपणाचं, कुठे न विचारणं बावळटपणाचं. कुणी न समजता मान हलवतो, कुणी समजूनही भिंतीसारखा बसतो. पट्टीला कुणाचीच भीड नव्हती. दोन वर्षांत शिक्षकांनी "समजलं का?" हा प्रश्न पहिल्या तासापुरता ठेवला, एरवी टाकूनच दिला. ते आता फक्त कपाळं बघत.

मुलांचे गट पडले. शिवकन्येच्या गटात एइनो आला आणि सुमाक नावाची एक मुलगी आली, पेरू देशातल्या डोंगरी गावातली, कमी बोलणारी आणि सतत काहीतरी विणत बसणारी. त्यांचं काम खरं होतं, खेळातलं नव्हतं. नदीवरचा पायपूल वसंतातल्या पुरात वाहून गेला होता आणि पलीकडच्या मेंढपाळांना चीजचे खोके आणायला सात किलोमीटरचा वळसा पडत होता. गटाने अठ्ठावीस मीटर रुंद पात्रावर पोलादी दोर बांधायचा, त्यावर कप्पीचा पाळणा चालवायचा, आणि शेवटच्या दिवशी आपल्यातल्या एकाने त्यात बसून पलीकडे जायचं. खांब आणि दोर ताणायचा हातरहाट एइनोकडे, दोर आणि गाठी सुमाककडे, गणित शिवकन्येकडे. एक अट होती. आपल्या कामाच्या प्रत्येक पायरीवर दिवा हिरवा झाला पाहिजे. नाही झाला तर काम दुसऱ्याकडे, आणि आपण फेरधड्याच्या गटात.

फेरधडा! बिराजदार सरांची मुलगी नापासांच्या बाकावर! शिवकन्या जिवाच्या आकांताने पाठांतराला बसली. दोराच्या ताणाचं सूत्र तिला झोपेतून उठवलं तरी म्हणता येत होतं. अप्पांच्या नोट्स, पान एकशे बारा, चौकटीत: ताण म्हणजे वजन भागिले दोन साइन थीटा. तिने ते शंभरदा लिहिलं. दिवा पिवळ्याच्या पुढे हलेना.

चौथ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात भांडी पुसताना सुमाकने सहज विचारलं, "तुमच्याकडे रोज काय खातात?"

"भाकरी," शिवकन्या म्हणाली आणि सांगत सुटली. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जातो, मग भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. अशा वेळी पाण्याला आधण आणायचं, कढत पाण्यात पीठ भिजवायचं, म्हणजे ते धरून राहतं. हात कुठे दाबायचा, कुठे नुसता फिरवायचा, तव्यावर टाकल्यावर पाणी कधी लावायचं, सगळं सांगितलं.

"तुझा दिवा," सुमाक म्हणाली. "इतका हिरवा मी कुणाचाच पाहिला नाही."

शिवकन्येच्या हातातलं ताट तसंच राहिलं. हुशार ती होतीच, फक्त हुशारी आजवर एकाच कामाला जुंपलेली होती. तिने लगेच ताडलं. पट्टीला एवढंच कळतं की डोकं निवलं आहे. कशाने निवलं ते पट्टीला काय कळणार! दुसऱ्या दिवशी मॅडम दोराचं सूत्र समजावत असताना शिवकन्येने फळ्यावर नजर रोखली आणि मनातल्या मनात भाकरी थापली. दिवा हिरवा झाला. मॅडमनी हसून मान डोलावली आणि पुढच्या पायरीकडे वळल्या.

त्या संध्याकाळी तिने लातूरला फोन लावला.

"काय करूलालीस बाळा? जेवण बरं हाय का तिथलं?" अप्पांनी विचारलं.

तिने युक्ती सांगितली. पलीकडे सर असे हसले की फोन तिला कानापासून लांब धरावा लागला.

"अगं, तू तर पेपरच फोडलीस की! पुढच्या वर्षीपासून इकडच्या प्रवेश-परीक्षेलाबी त्या पट्ट्या येऊलाल्यात. सगळ्या क्लासवाल्यांची पाचावर धारण बसल्या. अन् माझ्या लेकीनं तोड काढली!"

"अप्पा, कुणाला सांगू नका हं."

"सांगतोय कशाला? शिकवतो!"

आठ दिवसांत चौकात नवा फ्लेक्स लागला: 'हिरव्या दिव्याची बॅच. मर्यादित जागा.' दीडशे पोरांनी नावं घातली. अप्पांनी फ्लेक्सचा फोटो पाठवला तेव्हा शिवकन्येला अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. यंत्र आलं आणि लातूरने ते जिरवलं. यापेक्षा मोठी मर्दुमकी तिला तोवर माहीतच नव्हती.

कामही झपाट्याने चाललं होतं. एइनो दिवसातून वीसदा "मला कळलं नाही" म्हणायचा. शिवकन्येला आधी त्याची कीव यायची, मग राग, आणि मग नकळत हेवा वाटू लागला. असं म्हणून हा पोरगा मरत कसा नाही, याचंच तिला नवल वाटे. सुमाकला सूत्र-बित्र ठाऊक नव्हतं, पण दोर हातात घेतला की तिचा दिवा आपोआप हिरवा व्हायचा. तिच्या गावात दरवर्षी सगळी माणसं मिळून गवताचे दोर वळतात आणि दरीवरचा झुलता पूल नव्याने बांधतात. ती पाचव्या वर्षापासून त्यात हात घालत आली होती.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी दोर नदीपार गेला. पाळण्यासकट ऐंशी किलो होतील इतकी वाळूची पोती भरली, म्हणजे एइनो बसल्यावर होणार तेवढं वजन झालं, आणि पाळणा मधोमध नेला. दोराला दीड मीटर झोळ पडला. शिवकन्येचं गणित अगदी तसंच होतं: झोळ दीड मीटर, ताण पावणेचारशे किलो. खांब आठशेला टिकणारे. चाचणी उत्तम झाली.

पण सकाळी पाहुणे जमायला लागले, मेंढपाळांच्या बायका चीज घेऊन आल्या, गावच्या पाद्रीबाबांनी खुर्ची मागितली, आणि शिवकन्येला तो लोंबता दोर डोळ्यांत खुपायला लागला. कसा गबाळा दिसतोय! लातुरात उत्तर पूर्ण झालं तरी सेफ्टीसाठी दोन ओळी जास्त लिहितात. परीक्षकाच्या मनात शंका उरता कामा नये. तिने एइनोला सांगितलं, "रहाट अजून फिरव. सेफ्टीसाठी."

"तुझ्या गणिताच्या तक्त्यात नाहीये," एइनो म्हणाला.

"गणित माझ्याकडे आहे ना? ताठ दोर म्हणजे पक्का दोर."

एइनोने फिरवला. दोर असा ताठ झाला की बोटाने छेडला तर वाजावा. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नीनो मॅडमनी तिघांच्या कपाळांवरून नजर फिरवली. शिवकन्येने सवयीने भाकरी थापली. एइनोने कप्पी नीट पाहून घेतली होती आणि सुमाकने आपल्या गाठी. तीन हिरवे दिवे. मॅडमनी हात हलवून परवानगी दिली आणि एइनो पट्टे बांधून पाळण्यात बसला.

सुमाक दोरावर तळवा ठेवून उभी होती. "आमच्याकडे पुलाला पोट ठेवतात," ती म्हणाली. "पोट नसलेल्या पुलावर आमचे जाणते पाय ठेवत नाहीत. इथे ताठ का चालतो? मला सांग ना, शिव."

तिने भांडणासाठी विचारलं नव्हतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. शिवकन्येने तोंड उघडलं. ताण म्हणजे वजन भागिले दोन साइन थीटा, हे शब्द जिभेवर तयार होते. पण सुमाकने विचारलं होतं 'का', आणि 'का'चं पान नोट्समध्ये नव्हतं. खाली हिमनदीचं पाणी उसळत होतं. एइनो पाळण्यातून विश्वासाने हसत होता, आणि त्याच्या हेल्मेटच्या काचेत तिला स्वतःच्या कपाळावरचा दिवा दिसला. मघाच्या भाकरीने अजून हिरवागार.

"थांबा!" ती ओरडली. "एइनो, उतर. मला हे समजलेलं नाही."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"घाबरू नकोस, शिव," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "दिवा हिरवा आहे तुझा."

"दिवा खोटा आहे. मी खोटा लावलाय. पहिल्या आठवड्यापासून." ती मॅडमकडे वळली. "मला काहीही विचारा. तुमच्या भाषेत विचारा."

मॅडमनी जॉर्जियन भाषेत एक लांबलचक वाक्य म्हटलं. शिवकन्येला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिने डोळे मिटले, मनात तवा ठेवला, आणि दिवा हिरवाच राहिला. पाहुण्यांत कुजबुज झाली. नीनो मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्या धावत पाळण्यापाशी गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी एइनोचे पट्टे सोडले.

पाळण्यात पुन्हा वाळूची पोती भरली. तीच पोती, तेवढंच वजन. ओढदोरीने पाळणा पुढे नेला. तो मध्यावर पोचलाही नाही तोच पलीकडचा खांब मुळासकट उपटला, दोर सटकन हवेत गेला आणि पोती नदीत पडली. पाण्याने ती केव्हा गिळली ते दिसलंसुद्धा नाही.

एइनोने पाण्याकडे पाहिलं. मग तो शिवकन्येजवळ आला आणि म्हणाला, "थँक यू." तिला वाटलं होतं तो शिव्या देईल. ती तिथेच हमसून हमसून रडली.

दुपारी नीनो मॅडम तिच्याशेजारी गवतावर येऊन बसल्या. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "मी अठरा वर्षं शिकवते. पूर्वी मुलांचे डोळे बघायचे. हल्ली दिवे बघते." त्यांनी तिला फेरधड्याला पाठवलं नाही. एक दोरी आणि पाण्याने भरलेली बादली दिली आणि सुमाकला हाक मारली.

दोघींनी दोरीची टोकं धरली. मधे बादली. "आता दोरी सरळ कर," सुमाक म्हणाली. दोघींनी ओढलं. हात लांबले, खांदे भरून आले, पाय घसरले, पण दोरी काही सरळ होईना. बादलीपाशी बोटभर झोळ राहिलाच. मग सुमाक दोन पावलं पुढे आली, दोरीला चांगलं पोट पडलं, आणि बादली जणू हलकी झाली.

शिवकन्येने दोरीकडे बघितलं. झोळ असतो तेव्हा दोरी तिरकी असते, म्हणजे ती बादलीला थोडीतरी वर ओढते. ताठ दोरी नुसती आडवी ओढते. आडव्या ओढीने काही वर उचललं जातं का? म्हणून जितका ताठपणा, तितकी जास्त ओढ लागते. आणि पुरती सरळ करायची म्हटलं तर जगातली सगळी ताकद अपुरी. तिने घाईने कागदावर मांडलं. दीड मीटर झोळाला पावणेचारशे किलो. तिने करून ठेवला होता तेवढ्या, चाळीस सेंटीमीटर झोळाला चौदाशे. सूत्र बरोबरच होतं. ते पान एकशे बारावरून हेच ओरडून सांगत होतं, आणि तिने त्याला शंभरदा लिहून गप्प केलं होतं. तिला इतका आनंद झाला की तिने बादलीसकट सुमाकला मिठी मारली आणि दोघी भिजल्या. पट्टी तेव्हा खोलीवर पडली होती, त्यामुळे दिव्याचा रंग काय झाला असता ते कुणालाच माहीत नाही.

खांब पुन्हा रोवायला दोन दिवस लागले. शाळा तेवढी लांबली. एइनो दीड मीटर झोळाच्या दोरावरून पलीकडे गेला आणि चीजचा एक अख्खा गोळा घेऊन परत आला.

लातूरला फोन करायला मात्र शिवकन्येला त्याहून जास्त धीर गोळा करावा लागला. शेवटी रविवारी सकाळी तिने व्हिडिओ कॉल केला आणि सगळं सांगितलं, काही न लपवता.

"अप्पा, ती बॅच बंद करा."

"येडी झालीस का?" सर कडाडले. "दीडशे पोरं! पालक फाडून खातील मला. अन् तुझा तो पोरगा वाचला नव्हं? मग?"

"मी बोलले म्हणून वाचला. तुमच्या दीडशेतलं कुणी इंजिनिअर होईल, कुणी डॉक्टर. दिवा हिरवा असेल आणि आत नुसती भाकरी. तेव्हा कोण ओरडणार, अप्पा?"

पडद्यावर अप्पा दिसत होते, चष्मा काढून हातात धरलेला. घरात एरवी बावीस वर्षांच्या अनुभवाशिवाय वाक्य सुरू न करणारा हा माणूस शब्द शोधत होता.

"शिवे," ते हळू आवाजात म्हणाले, "एक सांगू का? पान एकशे बारा... त्या सूत्रात खाली साइन थीटा का येतंय, ते मला बी कळलं नाही कधी. आमच्या सरांनी चौकटीत लिवून दिलं, मी चौकटीत लिवून दिलं. बावीस वर्षांत एकाबी पोरानं विचारलं नाही, म्हणून निभलं."

त्या क्षणी शिवकन्येला अप्पा जितके आवडले तितके आजवर कधीच आवडले नव्हते.

"दोरी आणा, अप्पा," ती म्हणाली.

फोन टेबलावर टेकवून ते गेले. मागून आईचा आवाज आला, "अवो, धुणं हाय की त्याच्यावर!" थोड्या वेळाने सर ओली दोरी घेऊन आले. एक टोक आईच्या हातात दिलं आणि दोरीच्या मधे तेलाचा पाच लिटरचा कॅन टांगला. "आता ताणा, सरळ होईपर्यंत," शिवकन्येने सांगितलं. दोघं ताणायला लागली. सर लालबुंद झाले, आईचा पदर सुटला, कॅन डुलत राहिला.

"सरळ होईना गं!"

"होणारच नाही. का, ते तुम्ही सांगा."

शिवकन्येने उत्तर सांगितलं नाही. ओठांवर आलेलं तिने आवरून धरलं. पाच मिनिटं गेली. आई म्हणाली, हात भरून आले. सर दोरीकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, दोरी तिरकी झाली, त्यांनी पुन्हा मागे घेतलं, पुन्हा पुढे टाकलं. आणि एकदम त्यांचा चेहरा असा उजळला की तिने तो तसा कधी पाहिला नव्हता.

"आडवी दोरी उचलतच नाही की काही! तिरकी हाय तवरच उचलतीया!"

"हो, अप्पा."

सर खुर्चीत बसले. कॅन मांडीवर, दोरी पायांत गुंतलेली. बराच वेळ ते नुसते हसत होते.

"सोमवारी दीडशे पोरं येणार," ते म्हणाले. "दोर किती लागतील गं?"

"पंचाहत्तर," शिवकन्या म्हणाली. "एकट्यानं नाही कळत ते."